पक्का सांधा

(सायकली, दारे, खिडक्या, पूल या सर्वांत लोखंडाचे सांधे असतात. हे सांधे जोडण्याची कला म्हणजे वेल्डिंग. घरी तीनचाकी सायकल तयार करता करता ही कला कशी शिकावी आणि ती शिकताना कोणती काळजी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)



सायकल तुम्ही रोज पाहता. सायकलस्वार उंच सीटवर बसतो, खाली पाय मारतो आणि दोन चाकांवर तोल सांभाळतो. पण जगात एक वेगळ्या प्रकारची सायकल आहे. तिच्यावर आरामखुर्चीत बसावे तसे रेलून बसतात आणि पाय समोर पसरून पायडल मारतात. अशा सायकलीला 'रिकंबंट' म्हणतात. तिला तीन चाके असली, तर तिला 'रिकंबंट ट्राइक' असे नाव आहे. आपण तिला 'रेलती तीनचाकी' म्हणू. तिला बहुधा पुढे दोन आणि मागे एक चाक असते. ती उभी राहिली तरी पडत नाही. ज्यांना दोन चाकांवर तोल सांभाळता येत नाही किंवा उंच सीटवर बसून ज्यांची पाठ दुखते, अशा अनेकांना ती सोयीची वाटते.

रेलून बसायच्या सायकलीचा इतिहासही मनोरंजक आहे. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचे कारागीर होते. त्यांनी पायडलने चालणाऱ्या छोट्या चारचाकी गाड्या तयार केल्या. पुढे त्यांनी दोन चाकांची, रेलून बसायची सायकल बनवली. १९३३ साली फ्रान्सिस फोर हा सायकलपटू तिच्यावर बसून एका तासात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर गेला आणि जुना विक्रम मोडला. तेव्हा मोठा वाद झाला. शेवटी १९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकलींना आपल्या शर्यतींतून वगळले. शर्यतीतून ती गेली, पण लोकांच्या मनातून गेली नाही. ती आपल्या बाजारात सहज मिळत नाही, मिळाली तर महाग असते. म्हणून अनेक हौशी माणसे ती घरीच तयार करतात आणि ती तयार करता करता वेल्डिंग शिकतात.

आता प्रश्न असा, की हे काम कसे करावे? जुन्या सायकलींची चाके, ब्रेक आणि साखळ्या भंगारवाल्याकडे मिळतात. मागच्या चाकापर्यंत पोहोचायला दोन-तीन साखळ्या एकमेकींना जोडाव्या लागतात. चौकोनी पोलादी पाइप करवतीने कापता येतो. कानशीने कडा घासता येतात. पण कापलेले तुकडे जोडायचे कसे? खरे काम इथूनच सुरू होते.

तुम्ही गळक्या भांड्याला डाग देताना पाहिले असेल. डाग देताना भांडे वितळत नाही. वरचे कथील वितळते आणि भांड्याला चिकटते. वेल्डिंगमध्ये तसे नसते. तिथे दोन्ही तुकड्यांच्या कडा स्वतः वितळतात, एकमेकींत मिसळतात आणि थंड झाल्यावर एकच होतात. त्यासाठी विजेचा उपयोग करतात. वेल्डिंगचा रॉड पाइपाला टेकवून किंचित उचलला, की मधल्या थोड्याशा जागेतून विजेचा झोत वाहू लागतो. त्याला 'आर्क' म्हणतात. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सियसला वितळते. आर्कची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. रॉडही वितळतो आणि सांध्यात भर घालतो. रॉडवरचा लेप जळून वायू तयार होतो. तो वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. उरलेल्या लेपाची खपली सांध्यावर बसते. थंड झाल्यावर ती हातोडीने काढून टाकतात.

मित्रांनो, रॉड हातात घेण्याआधी चार गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट डोळ्यांची. रस्त्याने जाताना वेल्डिंग चाललेले दिसले, की तुम्ही थांबून पाहता. असे कधीही पाहू नका. त्या प्रकाशात अतिनील किरण असतात. त्यांचा त्रास लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते आणि पाणी वाहते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. साधा काळा चष्मा येथे उपयोगाचा नाही. वेल्डिंगची खास काच लावलेला मुखवटाच हवा. तो वेल्डिंग करणाऱ्याला हवा, तसाच शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसालाही हवा.

दुसरी गोष्ट कपड्यांची. नायलॉनचे कपडे ठिणगीने वितळून अंगाला चिकटतात. म्हणून जाड सुती कपडे, चामड्याचे हातमोजे आणि बंद बूट घाला. जमीन व हातमोजे कोरडे असावेत, नाहीतर विजेचा धक्का बसतो. जवळ वाळूची बादली ठेवा.

तिसरी गोष्ट धुराची. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वेल्ड करू नका. त्याचा धूर छातीत गेला, तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. काळा, साधा पाइप घ्या आणि मोकळ्या हवेत काम करा. पेट्रोलच्या किंवा तेलाच्या रिकाम्या डब्याला आणि टाकीला तर कधीही आर्क लावू नका. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. जाणत्या माणसाजवळ उभे राहूनच शिका. एकट्याने यंत्र सुरू करू नका.

आता शिकायला लागू या. पहिल्याच दिवशी सायकलीच्या पाइपाला हात लावायचा नाही. आधी भंगारातली एक पट्टी घ्या. गंज व रंग घासून काढा. पट्टीवर खडूने रेघ मारा आणि तिच्यावरून रॉड चालवा. सुरुवातीला रॉड पट्टीला चिकटतो. घाबरू नका, मनगटाला हलका झटका देऊन तो सोडवा. रॉड फार लांब धरला, तर आर्क फडफडतो आणि धातू इकडेतिकडे उडतो. रॉडची जाडी जेवढी, साधारण तेवढेच अंतर ठेवावे. अंतर बरोबर असले, की भजी तळताना येतो तसा एकसारखा आवाज येतो. जाणता कारागीर या आवाजावरूनच काम ओळखतो. तुम्ही भराभर पुढे गेलात, तर रेघ बारीक होते आणि कडा नीट वितळत नाहीत. एकाच जागी रेंगाळलात, तर पातळ पाइपाला भोक पडते. वीज किती ठेवावी आणि हात किती वेगाने चालवावा, हे वाचून थोडे कळते, करून पुष्कळ कळते.

काही दिवसांनी तुमची रेघ सरळ आणि सुंदर येऊ लागेल. तेव्हा तुम्हाला वाटेल, की आपण शिकलो. पण इथेच फसगत होते. सांधा वरून सुंदर दिसला, म्हणजे तो आतून जुळलाच, असे नाही. कधी वितळलेला धातू कडांवर नुसता पसरतो, आत मुरत नाही. कधी खपलीचा तुकडा आत अडकून राहतो. हे डोळ्यांना दिसत नाही. मग ओळखायचे कसे? त्याला एकच सोपा उपाय आहे. आपला सांधा आपणच तोडून पाहायचा. एका पट्टीवर दुसरी पट्टी उभी ठेवा, एकाच बाजूने वेल्ड करा आणि खालची पट्टी घट्ट पकडून उभ्या पट्टीवर हातोडीचे घाव घाला. पट्टी वाकली आणि सांधा टिकला, तर काम चांगले. सांधा सोलल्यासारखा निघून आला आणि आत न वितळलेली सरळ कड दिसली, तर अजून सराव हवा. मेहनतीने केलेला सांधा तोडताना वाईट वाटते. पण तुकडा भंगारात मोडला, तर काही बिघडत नाही. तोच सांधा रस्त्यावर मोडला, तर माणूस पडतो.

सांध्यांकडे एवढे लक्ष का द्यायचे, हे एका जहाजाच्या उदाहरणावरून कळेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शेकडो जहाजे वेल्डिंगने जोडली जात होती. त्यांतले 'स्केनेक्टडी' नावाचे नवे तेलवाहू जहाज १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंड येथे धक्क्याला उभे होते. पाणी शांत होते. वादळ नव्हते. तरीही एकाएकी मोठा आवाज झाला आणि जहाज मधोमध जवळजवळ दुभंगले. चौकशीत वेल्डिंगचे दोष पुढे आले. ते पोलादही थंडीत ठिसूळ होणारे होते, हे पुढील संशोधनातून कळले. खिळ्यांनी जोडलेल्या जहाजात एका पत्र्याची भेग बहुधा त्या पत्र्याच्या कडेपाशी थांबते. वेल्डिंगने सारे पत्रे एकसंध होतात, म्हणून भेग पुढे पुढे धावत जाते. अशा अपघातांवरून संशोधकांनी चांगले पोलाद बनवायला आणि सांधे अधिक काळजीने तपासायला शिकवले.

आपली तीनचाकी जहाजापुढे लहानशी आहे. पण तिच्यावर बसणाऱ्याचा जीव लहान नाही. तिचा सांगाडा मुख्यतः दोन पाइपांचा असतो. एक लांब पाइप पुढून मागे जातो. दुसरा त्याला आडवा जोडलेला असतो आणि त्याच्या दोन टोकांना पुढची चाके असतात. हे दोन पाइप जिथे मिळतात, त्या सांध्यावर स्वाराचा बराचसा भार येतो. शिवाय साधी सायकल वळणावर आत कलते, तीनचाकी कलत नाही. त्यामुळे वळताना तिच्या चाकांवर बाजूने जोर पडतो आणि तो जोर सांध्यांपर्यंत पोहोचतो. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा सांध्याला थोडा थोडा हलवतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली, की तुटते. सांध्यात बारीकशी भेग असेल, तर तीही अशीच वाढत जाते.

म्हणून जोडणी टप्प्याटप्प्याने करावी. आधी प्रत्येक सांध्याला लहान लहान टाके मारावेत, पूर्ण वेल्ड करू नये. मग गुण्या लावून आणि टेप धरून मापे घ्यावीत. येथे तुमची भूमिती कामाला येते. आडव्या पाइपाच्या मध्यापासून मागे ८४ सेंटिमीटरवर मुख्य पाइपावर खूण करा. आडव्या पाइपावर मध्यापासून दोन्ही बाजूंना ३५ सेंटिमीटरवर खुणा करा. मागच्या खुणेपासून या दोन्ही खुणांचे अंतर बरोबर ९१ सेंटिमीटर आले, तर कोन ९० अंशांचा आहे. पायथागोरसचे प्रमेय फळ्यावर जितके खरे, तितकेच लोखंडावरही खरे आहे.

माप चुकले, तर टाका कापून पुन्हा लावता येतो. माप बरोबर आले, की मग पूर्ण वेल्ड करा. पण एकाच बाजूला सलग वेल्ड करू नका. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि पाइपाला आपल्याकडे ओढतो. म्हणून थोडे एका बाजूला, थोडे दुसऱ्या बाजूला असे काम करा आणि मधून मधून मापे तपासा.

सांगाडा तयार झाला, की लगेच रस्त्यावर जायचे नाही. आधी सीटवर वाळूची पोती ठेवून सांधे पाहावेत. मग मोकळ्या मैदानात हळू चालवावी, ब्रेक तपासावेत आणि पुन्हा सांधे पाहावेत. रंगावर बारीक रेघ उमटली, तर ती भेग असू शकते. अशी तीनचाकी उंचीने कमी असते. मोठ्या गाड्यांच्या चालकांना ती दिसावी, म्हणून मागे उंच काठीला झेंडा लावतात.

तुमच्या मोहल्ल्यातही एखादे वेल्डिंगचे दुकान असेल. तिथल्या उस्तादांना आदराने सलाम करा आणि त्यांचे काम समजून घ्या. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तो मुलांना आणि मुलींनाही खुला आहे. या कामाची भाषाही तुम्हाला परकी नाही. उर्दूतला 'फौलाद' म्हणजे मराठीतला 'पोलाद', 'हुनर' म्हणजे 'हुन्नर', 'कारीगर' म्हणजे 'कारागीर'. 'मजबूत' हा शब्द तर दोन्ही भाषांत सारखाच आहे.

मित्रांनो, सांधा दिसायला कसा आहे, हे पाहणारे पुष्कळ असतात. तो आतून कसा आहे, हे फक्त जोडणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून त्याच्यावर दुसऱ्याला बसवण्याआधी त्याची परीक्षा जोडणाऱ्यानेच घ्यायची असते.

शब्दार्थ
सांधा – जोड. रेलणे – पाठ टेकून बसणे. खपली – वरचा कडक थर. ठिसूळ – चटकन तुटणारे. दुभंगणे – दोन भाग होणे. आकसणे – लहान होणे. गुण्या – काटकोन तपासण्याचे साधन. कानस – लोखंड घासण्याचे हत्यार. हुन्नर – कौशल्य.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रेलत्या तीनचाकीला पुढे किती चाके असतात?
(आ) पोलाद सुमारे किती अंशांना वितळते?
(इ) तीनचाकीच्या मागे झेंडा का लावतात?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) डाग देणे आणि वेल्डिंग करणे यांत कोणता फरक आहे?
(आ) रस्त्यावर चाललेले वेल्डिंग उघड्या डोळ्यांनी का पाहू नये?
(इ) स्वतः केलेला सांधा तोडून का पाहावा?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
ध्यानात ठेवणे, फसगत होणे, कामाला येणे.

प्र. ४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : जवळच्या एखाद्या कारागिराची भेट घ्या. तो आपले काम कसे तपासतो, ते विचारा आणि आठ-दहा ओळींत लिहा.