फोनवरचं ‘चालेल’

‘सध्या सहा हजारच जमतील गं,’ मी म्हणालो. पलीकडून ती म्हणाली, ‘चालेल. बाकीचे दे सावकाश.’

जुलै २०२० ची गोष्ट. नोकरी जाऊन महिना झाला होता. परस्पर संमतीच्या घटस्फोटात मुलीसाठी महिना १५,००० ठरलेले. कन्सेंट टर्म्सवर दोघांच्या सह्या, वर कोर्टाचा शिक्का. त्या शिक्क्याच्या कागदात आपण फोनवरून दुरुस्ती केली, असं मी खुशाल धरून चाललो.

सोळा महिन्यांनी वसुलीच्या दरखास्तीची नोटीस आली. महिना नऊ हजारांची तूट, एकूण १,४४,०००. ‘चालेल म्हणाली होती की!’ म्हणून मी दोन दिवस धुमसलो. पण तिचाही पगार कापला गेला होता, आणि तिच्या ‘सावकाश’चा अर्थ मी सोयीनं ‘राहू दे’ असा लावला होता. शिवाय वकील मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, ‘हे पैसे तिचे नाहीत, मुलीचे आहेत. ती परस्पर सोडून कशी देणार?’

मग त्यांनी माझं बँक स्टेटमेंट पुढ्यात घेतलं आणि पेन्सिलीनं एकेक नोंद टिपायला लागल्या. यूपीआयच्या शेऱ्यात मी काय काय लिहून ठेवलं होतं! ‘चिऊला’, ‘खाऊ’, एकदा तर नुसता हसरा चेहरा. ‘यात पोटगी कुठली आणि लाड कुठले, हे कोर्टानं कसं ओळखायचं?’ मी मान खाली घातली. ऑनलाइन शाळेसाठी घेऊन दिलेला लॅपटॉप मी हिशेबात धरला होता. तो भेटवस्तूत गेला. शाळेच्या फीची पावती मात्र माझ्याकडे होती, म्हणून तेवढी रक्कम तिनं समुपदेशकांसमोर मान्य केली. तेव्हापासून माझा शेरा ठरलेला: ‘पोटगी, अमुक महिना’. रुक्ष आहे, पण कामाचा आहे.

मिळकत खरोखर घटली असेल तर त्याच महिन्यात अर्ज टाका. मुलांच्या खर्चाचा आदेश हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली नंतरही बदलून मागता येतो. पोटगी फौजदारी कलम १२५ खाली ठरली असेल, तर बदलासाठी कलम १२७ होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्यांची जागा १४४ आणि १४६ या कलमांनी घेतली. अर्ज टाकला म्हणजे रक्कम उतरली असं नाही. निकाल होईपर्यंत जुनाच आकडा लागू असतो, म्हणून जमेल तेवढे पैसे दर महिन्याला जातच राहिले पाहिजेत. माझा अर्ज नोव्हेंबर २०२१ चा. रक्कम १०,००० झाली ती त्या तारखेपासून पुढे. मागची थकबाकी हप्त्यांनी फेडली. दीड वर्ष आधी शहाणपण सुचलं असतं तर तीही बरीच हलकी झाली असती. वाढ मागणाऱ्या आयांनीही म्हणूनच ‘पुढच्या वर्षी बघू’ करू नये.

अर्जासोबत मिळकत, मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालानं ते दोन्ही पक्षांना बंधनकारक केलं. शनिवार-रविवारच्या शिकवण्यांचे पैसे त्यात लिहू नयेत असं मला फार वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, ‘तुमच्याच स्टेटमेंटमध्ये दिसतायत.’ लिहिले. गाडीचा हप्ता मात्र मी ठळक लिहिला होता. त्यानं कुणाला पाझर फुटला नाही. हौसेनं काढलेलं कर्ज मुलीच्या डब्याच्या आधी कसं येणार?

याच काळात दोन रविवार चिऊची भेट हुकली, तेव्हा एका मित्रानं सल्ला दिला, ‘भेट नाही तर पैसे नाहीत.’ हा सल्ला ऐकू नका. भेटीची तक्रार वेगळी करता येते; तिच्यासाठी पोटगी अडवता येत नाही.

२०२४ मध्ये बरी नोकरी लागली. चिऊचे क्लासही सुरू झाले होते. आम्ही दोघांनी मिळून १८,००० ची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात दिली. खिडकीतल्या कारकुनानं कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. ‘कमी करायचेत ना?’

‘नाही, वाढवायचेत.’

त्यानं कागद उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचला.