उन्हाळी बास्केटबॉल शिबिर : मुलास पाठविण्यापूर्वी

वार्षिक परीक्षा आटोपल्या की शाळांच्या व क्रीडामंडळांच्या फाटकांवर उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागतात. पोहणे, क्रिकेट, बॅडमिंटन यांच्या जोडीने बास्केटबॉलचेही नाव त्यांत असते. फी भरली, बूट घेतले, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे पुष्कळ पालकांना वाटते. वस्तुतः ते तेथून सुरू होते. आपले लेकरू आपण रोज काही तास परक्या माणसांच्या हाती सोपवीत असतो. ते कशासाठी सोपवावयाचे, कोणाच्या हाती सोपवावयाचे आणि ते घरी परतल्यावर आपण कसे वागावयाचे, या तीन प्रश्नांचा विचार या पाठात करू. त्यासाठी प्रथम या खेळाचा जन्म कसा झाला हे पाहणे उपयोगी ठरेल.

१. खेळाचा मूळ हेतू

बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांचा जन्म १८६१ साली कॅनडात झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले व मामाने त्यांचा सांभाळ केला. माँट्रियल येथे त्यांनी ईश्वरविज्ञानाचा अभ्यास पूर्ण केला. परंतु मैदानावरही तरुणांचे शील घडविता येते, अशी खात्री वाटल्याने त्यांनी पाळकपदाऐवजी शारीरिक शिक्षणाचे कार्य पत्करले. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात ते शिक्षक झाले.

१८९१ चा हिवाळा होता. बाहेर बर्फ, आत त्याच त्या कवायतीला कंटाळलेले अठरा दांडगे विद्यार्थी. या वर्गासाठी बंदिस्त जागेत खेळता येईल असा नवा खेळ चौदा दिवसांत शोधावा, असे नेस्मिथ यांना वरिष्ठांनी सांगितले. त्यांनी विचार केला : मैदानी खेळात दांडगाई कोठून येते? चेंडू घेऊन पळणाऱ्यास अडवावे लागते, तेथून. मग चेंडू घेऊन पळण्यासच मनाई केली तर? शिवाय लक्ष्य डोक्याच्या वर, आडवे ठेवले, तर चेंडू जोराने मारून उपयोग नाही. तो नेम धरून हळुवार सोडावा लागेल. म्हणून सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या गेल्या व तेरा नियम लिहिले गेले. ढकलणे, धरणे, पाय घालून पाडणे यांस त्या नियमांत पहिल्यापासून बंदी होती. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने हा खेळ मुलींना शिकविला. तेव्हा हा मुलांचा खेळ, मुलींचा नव्हे, असे कोणी म्हणू नये.

सारांश, बळजोरी निरुपयोगी ठरावी अशा रीतीने हा खेळ योजिला गेला. शिबिराची पारख करताना हीच कसोटी हाती धरावी.

२. कशासाठी पाठवावयाचे?

आपल्या मनाची झडती आधी घ्यावी. स्वतःचे हुकलेले स्वप्न लेकराच्या खांद्यावर टाकण्यासाठी? शेजारच्यांचा मुलगा जातो म्हणून? की घरातली कटकट दोन तास टळावी म्हणून? उंची वाढेल या एकाच आशेने पाठविणारेही अनेक आहेत. परंतु उंची मुख्यतः आनुवंशिकतेवर व पोषणावर ठरते. उड्या मारण्याने ती वाढल्याचे सिद्ध झालेले नाही.

शिबिरातून खरोखर मिळू शकते ते असे : शरीराचा डौल, वेळेची शिस्त, दुसऱ्यास चेंडू देण्याची सवय आणि हार पचविण्याचे बळ. मुलाची इच्छा विचारल्यावाचून नाव घालू नये. त्याने 'नको' म्हटले, तर त्यामागील कारण शांतपणे ऐकून घ्यावे. पुष्कळदा त्या एका शब्दात भीती दडलेली असते.

३. कोणाच्या हाती सोपवावयाचे?

फी भरण्यापूर्वी एकदा मैदानावर जाऊन तासभर उभे राहावे.

(अ) वेळ : एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर असावा. पिण्याचे पाणी व सावली हवीच. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, असंबद्ध बोलणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा मुलास सावलीत नेऊन अंग थंड पाण्याने भिजवावे व विनाविलंब दवाखान्यात न्यावे. हे प्रशिक्षकास ठाऊक आहे काय, हे विचारण्यात संकोच नसावा.

(आ) साधने : मोठ्यांसाठी कडे जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते. लहानांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये ते २.६० मीटरवर असते व चेंडू पाच क्रमांकाचा, हलका असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती पुरुषांचा सात क्रमांकाचा चेंडू देणारे शिबिर लहानांचा विचार करीत नाही, असे समजावे.

(इ) वागणूक : मोठी मुले लहानांना ढकलतात तेव्हा शिट्टी वाजते काय? चुकणाऱ्यास शिवी मिळते की समजूत? मुलींसाठी स्त्री-प्रशिक्षक आहे काय? पालकांना सराव पाहण्यास मनाई असेल, तर तेथे पाठवू नये.

(ई) सुरक्षितता : कोणता स्पर्श अयोग्य हे मुलास स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. तसे काही घडल्याचे त्याने सांगितले, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. संस्थेच्या अब्रूसाठी ते झाकू नये. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. १०९८ या क्रमांकावरही मदत मिळते.

४. घरी परतल्यावर

'किती बास्केट केलेस?' हा आपला पहिला प्रश्न असतो. त्याऐवजी 'आज कोणाबरोबर खेळलास?' असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाने मूल हिशेब देऊ लागते. दुसऱ्याने ते बोलू लागते. पायाचा घोटा मुरगळला असेल, तर 'एवढ्याने काय होते' असे म्हणून पुन्हा मैदानात धाडू नये.

आणि संघात निवड न झाल्यास? नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात संघाचे मार्गदर्शक झाले. तेथील त्यांच्या सामन्यांत विजयांपेक्षा पराभवांची संख्या अधिक भरली. ज्याने हा खेळ जगास दिला त्याची ही नोंद! तरीही १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा ते सन्मानाने उपस्थित होते. आपल्या लेकराचे मोल फळ्यावरील गुणांनी ठरत नाही, हे त्याला इतर कोणी सांगण्याआधी आपण सांगावे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. मुलास शिबिरास पाठविण्यात आपला हेतू कोणता? तो आपण त्याला सांगितला आहे काय?
२. आपले मूल भीती वा लाज वाटणारी गोष्ट आपणांस निःसंकोच सांगू शकते काय? नसल्यास, अडसर कशाचा आहे?
३. मंडळीतील ज्या मुलांना फी परवडत नाही, त्यांच्यासाठी आपल्या आवारात एखादे कडे उभारता येईल काय?