मालवणची प्रवाळसृष्टी आणि पाणबुडीचे शास्त्र

मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याची उभारणी सुरू केली. या जलदुर्गाच्या परिसरातील पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. स्कूबा पद्धतीने बुडी मारून त्या पाहण्यासाठी दरवर्षी असंख्य पर्यटक येथे येतात.

प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो मऊ शरीराचा अगदी लहान प्राणी असून समुद्रजलातील क्षारांपासून चुन्याचा कठीण सांगाडा तयार करतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवले राहतात. सूर्यप्रकाशात ती जे अन्न तयार करतात, त्याचा मोठा वाटा प्रवाळास मिळतो. म्हणूनच असे प्रवाळ उबदार, उथळ व प्रकाश पोहोचेल अशा पाण्यातच वाढतात. पाणी प्रमाणाबाहेर तापल्यास शैवले निघून जातात, प्रवाळ पांढरा पडतो आणि ही स्थिती लांबल्यास मरतो. त्याची वाढ अतिशय मंद असते. घागरीएवढ्या गोल प्रवाळाला वाढण्यास दहा-वीस वर्षे सहज लागतात.

श्वास रोखू नये

झाक-ईव्ह कूस्तो व एमिल गान्यां या फ्रेंच संशोधकांनी १९४३ मध्ये श्वासागणिक हवा पुरविणारी झडप सिद्ध केली आणि पाणबुड्यास पृष्ठभागाशी जोडणाऱ्या नळीची गरज उरली नाही. पाठीवरील टाकीत शुद्ध प्राणवायू असतो असा समज आहे. वस्तुतः तीत सामान्यतः दाबून भरलेली साधी हवाच असते.

दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. १० मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा पृष्ठभागाशी येता येता दुप्पट आकारमानाची होते. श्वास रोखून वर येणाऱ्याच्या फुप्फुसास त्यामुळे गंभीर इजा होऊ शकते. म्हणून श्वास सतत चालू ठेवणे व सावकाश वर येणे, हा पहिला नियम होय. कान दुखू लागल्यास अधिक खाली न जाता मार्गदर्शकास खूण करावी.

संरक्षणाची जबाबदारी

सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना संरक्षण असून ते तोडणे वा घरी नेणे गुन्हा आहे. तथापि हानी हेतुपुरस्सरच होते असे नाही. नांगराचा एक फटका किंवा प्रवाळावर टेकलेला पाय अनेक वर्षांची वाढ क्षणात नष्ट करतो. पायांनी ढवळलेला गाळ बसल्यास शैवलांचा प्रकाश अडतो.

या खडकांच्या आश्रयाने मासे वाढतात आणि त्यांवर मच्छीमार कुटुंबांचा चरितार्थ चालतो. बुडीसाठी मार्गदर्शन करणाऱ्या स्थानिक तरुणांची उपजीविकाही याच प्रवाळांवर अवलंबून आहे. पाहुण्याने प्रवाळ डोळ्यांनी पाहावा, हाताने स्पर्शू नये. एवढे पथ्य पाळले तरी मालवणचे हे धन पुढील पिढीच्या हाती सुखरूप पोहोचण्यास मोठे साह्य होईल.