३४८ विरुद्ध १३० आणि निकाल 'बरोबरी'

होस्टेलमध्ये रात्री अकरानंतर जे वाद सुरू होतात त्यांना सहसा निकाल नसतो. गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये असाच एक वाद पेटला. हेवीवेट बॉक्सिंगमध्ये मोठं काय, ताकद की तंत्र? माझा रूममेट ताकदवाला. त्याचं म्हणणं, नव्वद किलोच्या वरच्या माणसाचा एक ठोसा नीट बसला की तंत्रबिंत्र सगळं जमिनीवर. मी अर्थातच तंत्रवाला. शेवटी ठरलं, एक जुनी लढत सगळ्यांनी कागद-पेन घेऊन बघायची आणि गुण आपणच द्यायचे. निवडली ती न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली, १३ मार्च १९९९ ची, लेनॉक्स लुईस विरुद्ध इव्हँडर होलीफिल्ड.

आधी गुणांची पद्धत सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तीन जज रिंगच्या तीन वेगवेगळ्या बाजूंना बसतात. लढत बारा राउंडची, राउंड तीन मिनिटांचा. प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९. हरणारा एकदा खाली पडला तर ८. जजने बघायचं काय? स्वच्छ बसलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. यातल्या कशाला किती वजन द्यायचं, याचं सूत्र कुठेही दिलेलं नाही! आपल्या पेपरात निदान प्रश्नासमोर मार्क छापलेले असतात.

त्या रात्री लुईसकडे डब्ल्यूबीसीचा किताब होता, होलीफिल्डकडे डब्ल्यूबीए आणि आयबीएफचा. तिसऱ्या राउंडला लुईसला झोपवतो, असं होलीफिल्डने आधीच जाहीर करून टाकलं होतं. तिसऱ्यात तो खरंच तुटून पडला, पण लुईस उभाच राहिला. बाकी बराच वेळ लुईस लांब हाताने डावा जॅब मारत राहिला. दिसायला कंटाळवाणा, पण बसणारा. मोजणी झाली ती अशी : लुईसचे ६१३ पैकी ३४८ ठोसे बसले, होलीफिल्डचे ३८५ पैकी १३०. आणि जजांचे आकडे? एकाचे ११६-११३ लुईसकडे, एकाचे ११५-११३ होलीफिल्डकडे, एकाचे ११५-११५. म्हणजे बरोबरी. सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला तो पाचव्या राउंडवरून. त्यात लुईसचे ४३ आणि होलीफिल्डचे ११ ठोसे बसल्याची नोंद आहे, आणि एका जजने तो राउंड होलीफिल्डला दिला होता. निकालाची पुढे चौकशीही झाली.

आता आमची गंमत ऐका. पहिल्यांदा आम्ही कॉमेंट्री चालू ठेवून बघितलं. आठ दिवसांनी मी एकट्यानेच आवाज बंद करून बघितलं, तर माझे स्वतःचे दोन राउंड फिरले! कॉमेंटेटर ओरडला की मला ठोसा जोरात वाटत होता, आणि शेवटच्या वीस सेकंदांत कुणी झेपावला की आधीची अडीच मिनिटं मी विसरून जात होतो. त्या जजला शिव्या घालायला पहिला मीच होतो. पण माझ्या पुढे रीप्ले होता, चहा होता, आणि कॅमेऱ्याच्या आड येणारी रेफ्रीची पाठ नव्हती. तरी माझं माझ्याशीच जुळेना.

ठोशांच्या मोजणीचंही तसंच. ती कुठलं सेन्सर करत नाही. दोन माणसं रिंगजवळ बसून, एकेका बॉक्सरवर नजर ठेवून बटणं दाबतात. जॅब सोडून बाकी प्रत्येक ठोसा त्यांच्या खात्यात 'पॉवर पंच', मग तो गालाला नुसता चाटून का जाईना. थोडक्यात काय, ३४८ हा आकडासुद्धा माणसाच्या डोळ्याचाच.

पण माझ्या मते मूळ दोष डोळ्यांत नाही, राउंडिंग ऑफमध्ये आहे. न्यूमेरिकल मेथड्सच्या पहिल्याच लेक्चरला सांगतात ना, आधी बेरीज करा आणि मग राउंड ऑफ करा. इथे उलटं चालतं. ४३-११ ने जिंकलेला राउंड १०-९, आणि केसभर फरकाने जिंकलेला राउंडही १०-९. बारा वेळा राउंड ऑफ करून मग बेरीज.

या बेरजेत ताकदीला मात्र वेगळा भाव मिळतो. १ डिसेंबर २०१८ ला लॉस एंजेलिसमध्ये टायसन फ्युरी आणि डिऑन्टे वाइल्डर लढले. फ्युरी नवव्या आणि बाराव्या राउंडला खाली पडला. बाराव्यात तर संपलाच असं वाटत असताना उठला! गुण पडले ११५-१११ वाइल्डर, ११४-११२ फ्युरी आणि ११३-११३. पुन्हा बरोबरी. हे आकडे उलटे सोडवून बघा. दोन राउंड १०-८ धरले तर ११३-११३ वाल्या जजने फ्युरीला बारापैकी सात राउंड दिले होते. सात राउंड जिंकूनही तो पुढे नाही, कारण दोन ठोशांनी दोन जादा गुण खाल्ले. रूममेटने हे गणित वहीत उतरवून माझ्या टेबलावर चिकटवलं. वर त्याने जॉर्ज फोरमनचं उदाहरण दिलं. ५ नोव्हेंबर १९९४ ला पंचेचाळीस वर्षांचा फोरमन तिन्ही जजांकडे मायकेल मूररच्या मागे होता, आणि दहाव्या राउंडला एका उजव्याने त्याने सगळे कागद रद्दीत घातले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

मग मशीन बसवा, असं आपण इंजिनिअर लगेच म्हणणार. बसवलं होतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सने अंतिम फेरीत ८६ ठोसे बसवले, ३२ खाल्ले आणि तरी तो ३-२ ने हरला. (हाच जोन्स २००३ मध्ये हेवीवेटचा डब्ल्यूबीए किताब जिंकून गेला.) त्यानंतर १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये कॉम्प्युटर आला. पाचपैकी तीन जजांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. परिणाम असा की पोटातले ठोसे, भराभर मारलेले ठोसे निसटू लागले, आणि बॉक्सर टिचकी मारून पळायला शिकले. २०१३ मध्ये ती पद्धत गेली, पुन्हा दहा गुणांची आली. २०१६ ला रिओमध्ये हेवीवेटच्या अंतिम फेरीत रशियाच्या तिश्चेन्कोला कझाकस्तानच्या लेवितविरुद्ध विजयी ठरवलं, तर प्रेक्षकांनी पदक घेतानाही त्याची हुर्यो उडवली.

२१ डिसेंबर २०२४ ला रियाधमध्ये उसिक-फ्युरी दुसऱ्यांदा लढले तेव्हा तीन माणसांच्या जोडीला एक एआय जज प्रयोग म्हणून बसवला होता. त्याचे गुण धरायचे नव्हते. तिन्ही माणसांनी ११६-११२ दिले, त्याने ११८-११२. दोन्हीकडे उसिकच. पण बघा, त्यालाही राउंडला दहा गुणांचीच पद्धत शिकवलेली!

लुईसचं काय झालं? बॉक्सिंगमध्ये रिव्हॅल्युएशनचा फॉर्म नसतो. आठ महिन्यांनी लास वेगासला पुन्हा लढत झाली. ती पहिलीपेक्षा कितीतरी अटीतटीची होती, आणि ती मात्र तिन्ही जजांनी लुईसला दिली. आमच्या विंगने ती अजून बघितलेली नाही. येत्या शनिवारी मेस सुटल्यावर कॉमन रूममध्ये लावतोय. पेन आपापलं आणा, आवाज बंद असेल.