३१-० ची फोड: तोट्याचा आकडा कसा वाचायचा?



या आठवड्याचा व्हिडिओ ज्यांनी बघितलाय, त्यांना अमेरिकन सामोआ हे नाव आता माहीत आहे. बघितला नसेल तरी हरकत नाही, हा लेख वेगळा वाचला तरी समजेल. फक्त वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

माझ्याकडे बॅचला येणाऱ्या नव्या दुकानदारांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, सहा महिने झाले, तोटाच चाललाय. बंद करू का?" मी त्यांना उलट विचारते, "तोटा किती ते सांगितलंत. आता तो कशाकशाचा आहे ते सांगा." इथे बहुतेक जण गप्प होतात. कारण महिन्याच्या शेवटी एकच आकडा हातात येतो आणि तो आकडा बघूनच माणूस खचतो.

आज आपण असाच एक भयंकर आकडा घेणार आहोत आणि त्याची फोड करणार आहोत. आकडा आहे ३१-०.

आधी सामना काय होता ते बघू

अमेरिकन सामोआ हा दक्षिण पॅसिफिकमधला छोटासा बेटांचा प्रदेश. अमेरिकेच्या ताब्यात आहे, पण अमेरिकेचं राज्य नाही. मुख्य बेट तुतुइला, राजधानी पागो पागो. २००० सालच्या जनगणनेत लोकसंख्या होती ५७ हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तिथल्या पोरांचा आवडता खेळ अमेरिकन फुटबॉल, तो हातात चेंडू धरून पळायचा. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो तिथे मागच्या बाकावर. फिफाचं सदस्यत्व मिळालं १९९८ मध्ये.

एप्रिल २००१. २००२च्या वर्ल्ड कपची पात्रता फेरी, ऑस्ट्रेलियातल्या कॉफ्स हार्बर या गावी. ११ एप्रिलला अमेरिकन सामोआ विरुद्ध ऑस्ट्रेलिया. हाफ टाइमला १६-०. सामना संपला तेव्हा ३१-०. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला हा सगळ्यात मोठा पराभव. आर्ची थॉम्पसन या एकट्या खेळाडूने १३ गोल मारले, तोही विक्रमच. डेव्हिड झ्द्रिलिकने ८ मारले. गोल इतके झाले की मोजणाऱ्यांचाही गोंधळ उडाला. स्कोअरबोर्डवर ३२ दिसत होते, नंतर अधिकृत आकडा ३१ ठरला.

बातमी जगभर गेली आणि जग हसलं. "यांना खेळता येत नाही" हा निष्कर्ष सगळ्यांनी एका मिनिटात काढला.

बीबीएला आम्हाला एक गोष्ट शिकवली होती, व्हेरियन्स ॲनालिसिस. नाव जड आहे, काम सोपं आहे. ठरवलं काय होतं, झालं काय, आणि मधला फरक कोणकोणत्या कारणांनी पडला ते वेगवेगळं मांडायचं. तेच आपण या ३१ गोलांना लावू.

फोड पहिली: समोर कोण होतं?

ऑस्ट्रेलियाचे बडे स्टार त्या संघात नव्हतेही. तरी तो व्यावसायिक खेळाडूंचा देश आणि समोर हौशी पोरं. आता त्याच स्पर्धेतले बाकीचे निकाल बघा. दोनच दिवस आधी ऑस्ट्रेलियाने टोंगाला २२-० ने हरवलं होतं. आणि तीन दिवसांनी त्याच टोंगाने अमेरिकन सामोआला हरवलं, ५-० ने.

हे तीन आकडे वहीत एकाखाली एक लिहा. ३१, २२, ५.

काय दिसलं? ऑस्ट्रेलियासमोर टोंगाचीही धूळधाण झाली. म्हणजे ३१ पैकी मोठा हिस्सा समोरच्याच्या ताकदीचा आहे. अमेरिकन सामोआ स्वतःच्या बरोबरीच्या संघापेक्षा किती मागे होता, हे सांगणारा आकडा ५ आहे. ३१ भरून काढायला जन्म पुरणार नाही. ५ भरून काढता येतात. कामाचा आकडा तोच.

तुमच्या दुकानाचंही असंच. गल्लीतल्या किराणा दुकानाने साखरेचा भाव मोठ्या मॉलशी लावून बघितला की रोज ३१-० च दिसणार. तुमच्याएवढंच भांडवल, तुमच्यासारखीच जागा असलेला दुकानदार किती विकतो? तो तुमचा टोंगा. तुलना त्याच्याशी करा.

फोड दुसरी: कागद

ही माझी सगळ्यात आवडती फोड, कारण इथे खेळाचा संबंधच नाही.

ऑस्ट्रेलियासमोर उतरला तो अमेरिकन सामोआचा खरा संघ नव्हताच. फिफाच्या नियमानुसार खेळाडूकडे अमेरिकेचा पासपोर्ट हवा होता. निवडलेल्या २० जणांपैकी नियमात बसणारा निघाला फक्त एक, गोलकीपर निकी सालापू. विचार करा, १९ जण बाद! आणि कारण काय, तर कागद.

आपल्याकडे किती जण असे मैदानाबाहेर बसलेत. पदार्थ चविष्ट आहे, पण एफएसएसएआयची नोंदणी नाही, म्हणून कॅन्टीनची ऑर्डर मिळत नाही. माल चांगला आहे, पण जीएसटीचं बिल देता येत नाही, म्हणून कंपनी घेत नाही. आणि आपण म्हणतो, "मार्केटच डाऊन आहे." मार्केट डाऊन असेलही. पण आधी कागद बघा. धंद्यात हा सगळ्यात स्वस्तात भरून निघणारा तोटा.

फोड तिसरी: माणसं आणि सराव

बरं, १९ जण गेले तर २० वर्षांखालच्या संघातली मुलं घ्यायची. तर त्यांच्यातल्या अनेकांच्या शाळेच्या परीक्षा होत्या! प्रशिक्षक तुनोआ लुई यांनी मिळतील ती पोरं गोळा केली. संघाचं सरासरी वय १८ च्या आसपास. तिघं तर १५ वर्षांचे. काहींनी पूर्ण ९० मिनिटांचा सामना आयुष्यात कधी खेळलेला नव्हता.

सराव न झालेला माणूस काउंटरवर उभा केला आणि गिऱ्हाईक परत गेलं, तर तो दोष मालाचा नाही. सणाच्या आदल्या दिवशी नवा पोऱ्या ठेवायचा आणि दिवाळीत त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करायची, हे पुष्कळ ठिकाणी बघायला मिळतं. तोट्याचा हा हिस्सा "माणूस तयार नव्हता" या नावाखाली वेगळा लिहा.

फोड चौथी: रोजची गळती

त्या स्पर्धेत अमेरिकन सामोआने चार सामने खेळले. फिजीकडून १३-०, सामोआकडून ८-०, ऑस्ट्रेलियाकडून ३१-०, टोंगाकडून ५-०. बेरीज करा, ५७ गोल खाल्ले. मारले शून्य.

अशा वेळी कुणीही म्हणेल की गोल मारायला शिका. पण ज्या संघाला दर तीन मिनिटांनी गोल बसतोय, त्याने एखादा मारला तरी निकाल तोच. आधी बसणारे गोल कमी करायचे.

दुकानात गोल खाणं म्हणजे खराब होणारा माल, वसूल न होणारी उधारी, रात्रभर चालू राहिलेला फ्रीज, वजनात जाणारा दहा-वीस ग्रॅम. हे थांबवल्याशिवाय "सेल वाढवा, इन्स्टाग्रामवर रील टाका" याला अर्थ नाही. गळक्या बादलीत नळ मोठा सोडून उपयोग काय?

मग पुढे काय झालं?

लगेच काही झालं नाही. हे नीट वाचा, कारण यूट्यूबवर सगळ्यांना ९० दिवसांत यश हवं असतं. पुढची दहा वर्षं हा संघ हरतच राहिला. फिफाच्या यादीत शेवटच्या जागेवर. २०११ च्या पॅसिफिक गेम्समध्येसुद्धा पाचपैकी पाच सामने हरले आणि गोल एकही नाही.

पण दरम्यान दोन गोष्टी बदलल्या. पहिली, स्पर्धेची रचना. ३१-० नंतर सगळ्यांच्या लक्षात आलं की असे सामने लावण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्ल्ड कप पात्रतेत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला पहिल्या फेरीतून वगळलं गेलं, आणि २००६ पासून ऑस्ट्रेलिया आशियाच्या गटात गेला. २०११ मध्ये पहिली फेरी फक्त चार छोट्या संघांची होती: अमेरिकन सामोआ, सामोआ, टोंगा आणि कुक आयलंड्स. बरोबरीच्यांशी बरोबरी.

दुसरी गोष्ट, बाहेरची नजर. त्या फेरीआधी जेमतेम तीन आठवडे थॉमस रोंगेन हे प्रशिक्षक आले. जन्माने डच, अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये डीसी युनायटेडला १९९९ चं विजेतेपद मिळवून दिलेला माणूस. तीन आठवड्यांत कुणी मेस्सी तयार होत नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी दमसास, शिस्त आणि बचाव यांवर भर दिला. म्हणजे आधी गळती.

माणसंही जमवली. ३१ गोल खाल्लेला तोच निकी सालापू परत गोलपोस्टमध्ये उभा राहिला, दहा वर्षांनी. बचावात जाइया साएलुआला पहिल्या अकरात जागा दिली. जाइया फाआफाफिने आहे, म्हणजे सामोआच्या संस्कृतीत मान असलेली तिसऱ्या लिंगाची व्यक्ती. वर्ल्ड कप पात्रता सामन्यात खेळलेली पहिली ट्रान्सजेंडर खेळाडू म्हणून तिची नोंद झाली. रोंगेन यांनी बघितलं ते एवढंच की बचाव कोण चांगला करतं. माणूस निवडताना एवढं बघितलं तरी पुरतं.

२२ नोव्हेंबर २०११, सामोआची राजधानी आपिया. समोर टोंगा, आठवतंय ना? तोच पाच गोलांचा आकडा. पहिल्या हाफच्या शेवटी रामिन ओटने गोल मारला. ७४ व्या मिनिटाला शालोम लुआनीने दुसरा. शेवटी शेवटी टोंगाने एक फेडला, पण सालापूने पुढे काही जाऊ दिलं नाही. निकाल २-१. फिफाच्या मान्यताप्राप्त सामन्यातला अमेरिकन सामोआचा पहिला विजय!

दोन दिवसांनी कुक आयलंड्सशी १-१ बरोबरी. आणि शेवटच्या सामन्यात सामोआकडून ०-१ हार, तीही सामना संपता संपता बसलेल्या गोलने. म्हणजे पुढच्या फेरीत गेले नाहीत. यावर २०१४ मध्ये माहितीपट आणि २०२३ मध्ये हॉलिवूडचा सिनेमा आला. सिनेमात सगळं चमत्कारासारखं वाटतं. पण २०१५ च्या पात्रता फेरीत याच संघाने टोंगाला पुन्हा २-१ ने आणि कुक आयलंड्सला २-० ने हरवलं. पुढे जायची संधी हुकली ती गोलफरकाच्या हिशेबात, आणि तोही अगदी थोडक्यात. ३१-० पासून "गोलफरकाने हुकलं" इथपर्यंतचा हा प्रवास मला त्या सिनेमापेक्षा मोठा वाटतो.

आता तुमची वही

समजा, एका छोट्या बेकरीला महिन्याला १८,००० रुपये तोटा आहे. एकच आकडा बघितला तर शटर खाली ओढावंसं वाटेल. फोड करू.

१. समोर कोण: मॉलच्या भावाशी स्पर्धा करायला दिलेली सूट – ५,०००
२. कागद: नोंदणी नसल्याने गेलेल्या कॅन्टीन ऑर्डरचं मार्जिन – ४,०००
३. माणूस तयार नव्हता: नव्या कारागिराच्या हातून बिघडलेला माल – ३,०००
४. गळती: शिळा होऊन टाकलेला पाव आणि बुडीत उधारी – ४,०००
५. उरलेला, ज्याचं कारण सापडत नाही – २,०००

आता हा धंदा बंद करण्यासारखा दिसतो का? १८,००० पैकी १६,००० वर काम करता येतं.

पण दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हा लेख अर्धवट राहील. फोड केल्यावर पहिल्या चार ओळींत मिळून ३,००० च निघाले आणि पाचव्या ओळीत १५,००० उरले, तर तो धंदा त्या जागी, त्या भाड्यात बसत नाही. मग घरातलं सोनं गहाण टाकून तो ओढत राहू नका. फुटबॉल संघ दहा वर्षं हरू शकतो, कारण हरल्यावर त्याच्या घरचं राशन थांबत नाही. आपलं थांबतं. म्हणून आधीच ठरवा, किती महिने आणि किती रक्कम. तेवढं संपलं की थांबायचं. अशा वेळी थांबणं हाही हिशेबच आहे, त्यात कमीपणा नाही.

गृहपाठ

१. गेल्या महिन्याचा तोटा (किंवा अपेक्षेपेक्षा कमी आलेला नफा) वर दिल्याप्रमाणे पाच ओळींत लिहा. अंदाज चालेल, पण प्रत्येक ओळीसमोर रुपये हवेत.
२. तुमचा "टोंगा" कोण, ते एका वाक्यात लिहा.
३. दुसऱ्या ओळीतला एक कागद या पंधरवड्यात पूर्ण करा. अर्ज केल्याची तारीख वहीत टाका.
४. चौथ्या ओळीतली एकच गळती निवडा आणि ३० दिवस रोज मोजा. सगळ्या एकदम धरू नका.
५. थांबायची तारीख आणि रक्कम लिहा, आणि घरातल्या एका माणसाला ती दाखवा.

पाच ओळी लिहून झाल्या की व्हिडिओखाली फक्त तुमची पाचवी ओळ टाका, बाकी चार तुमच्याकडेच राहू द्या. पुढच्या आठवड्यात आपण त्यातल्याच दोन-तीन आकड्यांवर काम करू.

चला, वही उघडा. भेटू पुढच्या व्हिडिओत!