तारोडीची तापलेली खोली

तारोडीला आमची नेटवर्कची एक साइट होती. साइट म्हणजे काय, तर एका घरामागची पत्र्याखालची खोली, एक रॅक, यूपीएस, बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या आणि भिंतीवर एसी. भाईंदरहून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत तिथं पोचायचं म्हणजे गर्दीच्या वेळी जीव मेटाकुटीला येतो. रोज कोण जाणार? म्हणून खोलीत तापमानाचा सेन्सर आणि एसएमएस पाठवणारा अलार्मचा डबा बसवला आणि मी ऑफिसात निर्धास्त झालो.

मे महिन्यात एका रात्री वीज गेली आणि पंधरा मिनिटांत आली. यूपीएसनं लोड सांभाळला, रॅकमधल्या नेटवर्क स्विचला पत्ताही लागला नाही. एसी मात्र बंदच राहिला. ऑटो-रीस्टार्ट नसलेला एसी वीज परतली तरी रिमोट दाबेपर्यंत गप्प बसतो. घरच्या एसीबद्दल हे मला माहीत होतं, साइटच्या एसीबद्दल सुचलं नाही.

सकाळी स्क्रीनवर सगळं हिरवं. पिंगला उत्तर येत होतं, आणि खोलीची भट्टी झाली तरी पिंगला त्याचं काही नसतं. दुपारी घरमालकीण आजींचा फोन आला. "बाळा, तुझी भिंत तव्यासारखी लागतेय. बोंबील वाळत घालू का आत?"

पोचलो तेव्हा सेन्सरवर 51 अंश. आता लाजिरवाणी गोष्ट सांगतो. अलार्मनं सकाळपासून अकरा एसएमएस पाठवले होते. मीच मर्यादा 28 ठेवली होती, त्यामुळे रोज दुपारी मेसेजांचा पाऊस पडायचा. वैतागून मी तो नंबर म्यूट केला होता.

म्हणून मर्यादा विचार करून लावा. यंत्रांच्या खोलीसाठी 18 ते 27 अंश हा सर्वमान्य पट्टा आहे, पण छोट्या साइटवर तो चोवीस तास पाळला जात नाही. मी आता पहिला इशारा 32 ला आणि दुसरा 38 ला ठेवतो. दुसरा इशारा एसएमएस नव्हे, थेट फोन कॉल असतो, आणि तो दोघांना जातो. सेन्सर एसीच्या झोतात किंवा दाराशी लोंबकळत ठेवू नका. रॅकची यंत्रं जिथून हवा आत ओढतात तिथं एक आणि बॅटऱ्यांपाशी दुसरा, असे दोन हवेत.

बॅटऱ्यांचं महाभारत पुढे जुलैत घडलं. संध्याकाळी धो धो पाऊस, वीज गेली. तीन तासांचा बॅकअप आहे, असं मी धरून चाललो होतो. साइट सहा मिनिटांत झोपली. आणि वीज गेल्याचा मेसेजच आला नाही, कारण अलार्मच्या डब्याचा प्लग मेनच्या बोर्डात होता. वीज गेली की वीज गेल्याचं सांगणाराच आधी मरायचा. वायरमननं रिकामं सॉकेट दिसलं तिथं खोचलेला, आणि मी सही करताना पाहिलं नव्हतं.

बॅटऱ्यांचं एकूण व्होल्टेज आदल्या दिवशी 54.4 होतं, अगदी पुस्तकी. चार्जर चालू असताना तो आकडा चार्जरचा असतो, बॅटरीच्या तब्येतीचा नव्हे. मीटर लावून एकेक मोजली तेव्हा एक 11.9 वर बसलेली, बाकी तिघी 14.1 च्या वर ताणलेल्या. आजारी बॅटरीचं पोट फुगलं होतं. टर्मिनलवर हिरवट खार चढलेला. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी असली की तांबं असंच दिसायचं. बंद लेड-ॲसिड बॅटरीचा ढोबळ हिशेब असा, की तापमान कायम दहा अंशांनी जास्त राहिलं तर आयुष्य निम्मं होतं. मे महिन्यातल्या त्या भट्टीनं सुरुवात करून दिली होती, बाकीचं काम पत्र्यानं केलं.

तेव्हा प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वेगळं पाहा. दर तीन महिन्यांनी खरा लोड देऊन ती किती मिनिटं टिकते ते वहीत लिहा. अलार्मच्या डब्याला स्वतःची छोटी बॅटरी आणि वेगळं सिम द्या. साइटच्याच इंटरनेटवरून निरोप पाठवणारा डबा साइटबरोबरच मुका होतो. टॉवरही दगा देतात, म्हणून डब्याकडून दर पंधरा मिनिटांनी "आहे" एवढा निरोप येऊ द्या. तो चुकला, तर तोच अलार्म. एसीच्या ड्रेन पाइपखाली पाण्याचा सेन्सर लावा; तो शंभर रुपयांचा पाइप तुंबून मी एक एक्स्टेन्शन बोर्ड घालवला आहे. आणि घरमालकांचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला नको, तुमच्या फोनमध्ये हवा.

पुढच्या खेपेला साइटवर गेलात की सहकाऱ्याला सांगून मेन स्विच पाडा, आणि तुमच्या फोनवर मेसेज किती मिनिटांनी येतो ते घड्याळ लावून बघा. आमच्याकडे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो आलाच नव्हता.