बालबाजाराचा हिशेब

उद्योजकता म्हटलं की आपल्याला शेवटच्या वर्षातला सेमिनार, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि बँकेचं कर्ज आठवतं. तोवर बहुतेकांचे डोळे कॅम्पस इंटरव्ह्यूकडे लागलेले असतात. मग हे शिक्षण प्राथमिक शाळेतच सुरू केलं तर?

कल्पना तशी जुनीच आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी 'नई तालीम' मांडली. हस्तव्यवसायातून गणित, विज्ञान, भाषा शिकवावी, हा तिचा गाभा. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. विषय शाळेत आला, पण अनेक ठिकाणी कागदाची फुलं आणि तोरणं यांवरच थांबला.

आज जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत 'बालबाजार' भरतो. मुलं मेथीच्या जुड्या, भेळ, वडापाव विकायला बसतात. गुरुजी, बाई आणि पालक गिऱ्हाईक होतात. मुलांची भीड चेपते, हे खरंच. पण गल्ल्यात शंभर रुपये जमले की 'शंभर रुपये कमावले' म्हणून टाळ्या वाजतात आणि खरा धडा तिथेच राहून जातो. समजा, १० रुपयांची एक अशा १० प्लेट भेळ विकली. सामानाला ६५ रुपये लागले, म्हणजे उरले ३५. त्यात आईने कांदा चिरला, चटणी वाटली, तिची मजुरी कुठे धरली? आणि चार प्लेट खपल्याच नसत्या तर? जमा ६०, खर्च ६५. पाच रुपये तोटा! हे तर चौथीचंच गणित आहे.

भूमच्या मुलांना तर उदाहरण शोधायला लांब जायला नको. तालुका खव्यासाठी प्रसिद्ध, कुंथलगिरीचा पेढाही इथलाच. म्हशीच्या साधारण ५ लिटर दुधाचा १ किलो खवा होतो. बाकी बहुतेक पाणी, ते वाफ होऊन जातं. दुधाचा भाव, जळण, भट्टीवर कढई हलवणाऱ्याची मजुरी आणि वाहतूक एकाखाली एक मांडली, की किलोमागे काय सुटतं ते कळतं. दूध लवकर नासतं, खवा त्याहून जरा जास्त टिकतो, म्हणून आटवायचा, हेही मुलांना समजतं.

इथे एक धोका मात्र आहे. आपल्या भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. काही मुलांच्या वाट्याला काम आधीच आलेलं असतं. कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीत शाळेनंतर घरच्या बिनधोक धंद्यात मदत करायला तेवढी सूट आहे. तेव्हा मुलांनी भट्टी पाहावी ती लांबूनच, वही-पेन्सिल घेऊन. सांगितलेलं निमूट करणं म्हणजे उद्योजकता नव्हे. काय विकायचं, भाव किती ठेवायचा, उरलेल्याचं काय करायचं, हे मूल स्वतः ठरवतं तेव्हा ती सुरू होते.

मित्रांनो, एनएसएसच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडं लावतो. पुढच्या शिबिरात गावातल्या शाळेत एक दुपार घालवू या. वहीवर तीन रकाने आखू: खर्च, जमा, शिल्लक. खर्चाच्या रकान्यात आईच्या मजुरीसाठी एक ओळ राखून ठेवू. तिथे किती आकडा लिहायचा, ते मुलांनाच ठरवू द्या.